ढोकीच्या लग्नातली चोरी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ढोकीच्या एका लग्नात बायकांचे तीस-पस्तीस बुरखे जिच्या राखणीत दिले होते, तिनंच भर दुपारी चोरी केली. आरोपी मीच. आता हकिकत ऐका.

आमच्याकडं लग्नात बायकांची खोली वेगळी. आत पाऊल टाकलं की बुरखे उतरतात आणि खालची जर, गोटा-किनार, नवे झुमके बाहेर येतात. बुरखे सगळे एका खाटेवर. निघताना त्या काळ्या ढिगातून आपला शोधायचा म्हणजे रेटारेटी, म्हणून कुणीतरी राखणीला बसतं. त्या दिवशी थोरल्या मामीनं मला पाहिलं आणि आख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "इसकू बिठाओ पहरे पे. इसका गुमने कू कुछ हैच नै!"

बुरख्याशिवाय आलेली मी एकटीच. खोली खदाखदा हसली. मीही हसले. कोपऱ्यातली माझी थोरली बहीण, आमची आपा, तेवढी हसली नाही. तीन वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती.

धाराशिवात माझं शिवणकामाचं दुकान आहे. स्कूटीवर जाते. एकदा बुरख्याची कड चाकात गेली आणि मी रस्त्यावर लोटांगण घातलं. त्यानंतर बुरखा घातला नाही. आपानं विचारलं, पडलीस म्हणून काढलास, मान्य. पण गुडघा बरा झाल्यावर परत का घातला नाहीस? खरं उत्तर एवढंच होतं की मानेला लागणारा वारा मला आवडला होता. मोठ्या बहिणीला ते सांगायची लाज वाटली, म्हणून भलतंच बोलून गेले: तुझ्या तंबूत तूच राहा. तिच्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलले. ती चहा अर्धा ठेवून उठली.

आणि तंबू म्हणणारी मी तरी कोण? सात वर्षांची असताना येरमाळ्याच्या स्टँडवर उन्हात एसटीची वाट बघायची, तेव्हा मी त्याच तंबूत शिरायचे. आत ऊबदार काळोख, आपाच्या अत्तराचा वास, आणि वरून तिचा डावा हात यायचा. ती डावखुरी. तो हात माझ्या तोंडात भाजलेले शेंगदाणे टाकायचा. आमच्या घरच्या बोलीत फल्ल्या. पुढं शिवायला शिकले तेव्हा तिच्या प्रत्येक बुरख्याला आतून डावीकडं मी चोरखिसा लावू लागले, फक्त फल्ल्यांसाठी. या तीन वर्षांत कितीदा तरी दुकानात काळं कापड अंथरलं की हात आपोआप खिशाचा तुकडा कापायला जायचा. मग आठवायचं, हे गिऱ्हाईक दुसरंच आहे.

तर, सगळ्या आतल्याच बायकांच्या पंगतीला जेवायला गेल्या. खोलीत मी आणि तो ढीग. खडे लावलेले, चकचकीत, तयार घेतलेले बुरखे बाजूला सारत गेले आणि तळाशी एक विटका हाताला लागला. टाके माझे. कड उसवून दुसऱ्याच कुणी ओबडधोबड दुमडलेली. म्हणजे भांडणानंतर आपानं नवा घेतलाच नव्हता.

मी चोरखिशात हात घातला. फल्ल्या होत्या.

एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग डोळ्यांत पाणी यायला लागलं, त्यावर उपाय म्हणून उरलेल्या सगळ्या खाल्ल्या.

निघायच्या वेळी खाटेभोवती एकच झुंबड. आपानं बुरखा अंगावर घेतला, सवयीनं डावा हात आत घातला आणि तशीच थांबली. हात रिकामा बाहेर आला. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या ओढणीवर लाल सालपटं सांडली होती. झटकायचं भान मला कुठलं! मामी पाहत होती, नवरीची आई पाहत होती. आणि आपा सगळ्यांसमोर कडाडली:

"फल्ल्यां खाने कू आती, घर कू आने कू क्या हुआ था तेरेकू?"