जिवंत बायकोसाठी उदबत्ती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण आता त्या एका प्रश्नाचा वैताग आलाय. जेद्दाहमध्ये चार मराठी माणसं जमली की कुणीतरी विचारतंच, "दातार, तुमची मुलगी जपानी गाणी गाते म्हणे? हे कसं काय?" मी हसून तेच ते उत्तर देतो आणि घरी येईपर्यंत डोकं भणभणत राहतं.

तसं ते उत्तर सोपं आहे. मी नाशिकचा, सौदीत जेद्दाहपासून दीड-दोन तासांवरच्या राबिघच्या रिफायनरीत इंजिनिअर. कंपनीच्या वसाहतीत आमच्या शेजारी एक जपानी कुटुंब होतं. त्यातल्या बाई कामं करता करता एन्का गायच्या. एन्का म्हणजे तिकडची जुन्या वळणाची लोकप्रिय गाणी — ताटातूट, बंदर, गाव सोडून गेलेली माणसं, आई. आमची रेवा शाळेतून आली की दप्तर टाकून त्यांच्याकडे पळायची. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला लहानपणापासून घरीच गाणं शिकवलं होतं. त्यामुळे एन्कातली ती आवाजाची मुरड रेवाच्या गळ्यात सहज बसली. पुढे ती शिकायला ओसाकाला गेली, हौशी गायकांच्या स्पर्धेत उतरली आणि तिथल्या एका कंपनीने तिची गाणी काढली. किमोनो घालून आईवरचं गाणं गाणारी भारतीय मुलगी — लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. इथवर सगळं खरं आहे.

इथवरच.

ते गाणं गाजलं त्या वर्षी शैला नाशिकला होती. माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं शैला करत होती — हे तुम्हीही लक्षात ठेवा, मला तर विसरता येत नाही. शेजारचं कुटुंब केव्हाच जपानला परतलं होतं, आणि नवे जपानी सहकारी शैलाला ओळखत नव्हते. एके सकाळी आमच्या विभागाचे ओनोसाहेब माझ्या केबिनमध्ये आले. मागे आणखी दोघे. हातात पांढऱ्या कागदात गुंडाळलेला उदबत्तीचा पुडा. तुटक इंग्रजीत म्हणाले, "टीव्हीवर रेवाचा कार्यक्रम पाहिला. तुमच्या पत्नी गेल्या, आम्हाला माहीतच नव्हतं. क्षमा करा." आणि तिघंही कमरेतून वाकले.

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? 'अहो, ती नाशिकला आहे, सकाळीच बोललो तिच्याशी' — एवढंच तर म्हणायचं होतं. ते ओशाळले असते, सगळे हसलो असतो, चहा झाला असता. पण तिघं वाकलेले, त्यातल्या एकाचे डोळे ओले — आणि मी काय केलं? मीही वाकलो. गेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे देतात तो पुडा दोन्ही हातांनी घेतला.

रेवाला फोन केला तर ती रडकुंडीला आलेली. मुलाखतीत ती म्हणाली होती, आई लांब आहे, आठवण येते. कार्यक्रमवाल्यांनी त्याचं 'आई गेली' करून टाकलं. गाण्याला ते शोभत होतं ना. "बाबा, मी उद्याच त्यांना सांगते. गाणं पडलं तर पडलं."

म्हणजे बघा — खोटं मुलीचं आणि बापाने ते पोटात घातलं, असं नाही हे. मुलगी खरं बोलायला निघाली होती. मीच म्हणालो, "थांब. इतक्या वर्षांची मेहनत आहे तुझी. थोडे दिवस जाऊ दे." मेहनत! कसली मेहनत आणि कसलं काय. मला ओनोसाहेबांसमोर जाऊन 'माझी बायको जिवंत आहे' हे म्हणायचं नव्हतं. मग उदबत्ती का घेतलीत, असं त्यांनी विचारलं असतं. त्या एका प्रश्नाला मी घाबरलो आणि मुलीला खोट्यात ठेवलं.

माझी आई वारली आणि शैला परत आली. आता वसाहतीत ती सगळ्यांना दिसणार. कंपनीने घर काढून घेतलं, अशी थाप मारून मी जेद्दाहला फ्लॅट घेतला. तेव्हापासून रोज राबिघला ये-जा करतोय. शैला डबा हातात देताना म्हणते, "तुमच्या कंपनीला काही माणुसकी? या वयात एवढं ड्रायव्हिंग." मग मीही कंपनीला शिव्या घालतो. कधी कधी तिच्याच भाबडेपणाची चीड येते — इतका मी घसरलोय.

गेल्या हिवाळ्यात रेवा जेद्दाहला गायला आली. कार्यक्रम जपानी मंडळींचा, सभागृह आमच्या घराजवळच. शैलाने साडी काढून ठेवली. मी म्हणालो, "फक्त कंपनीच्या पाहुण्यांना प्रवेश आहे. मीसुद्धा ड्यूटी म्हणून जातोय." तिने साडी परत कपाटात ठेवली. मग म्हणाली, "बरं. मी पुरणपोळ्या करते. संपलं की घेऊन या तिला."

दुपारी रेवाचा फोन. "आई येतेय ना? आज गाण्याआधी मी तिला सगळ्यांसमोर उभं करणार आहे. पुरे झालं आता, बाबा."

मी म्हणालो, "आईला ताप आहे. झोपलीय." विचारसुद्धा करावा लागला नाही.

निवेदकाने दिवंगत आईचा उल्लेख केला. रेवा माईक धरून नुसती उभी राहिली, मग गायली. शेजारी ओनोसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि मी? हिला घरी न नेता हॉटेलवर कसं पोचवायचं, याचा विचार करत होतो.

जमलं नाही. "आईला बघायचंय," म्हणत ती किमोनोतच गाडीत बसली. दार शैलानेच उघडलं, हाताला कणीक. रेवाने तिच्या कपाळावर हात ठेवला. मग गळ्याला लावून पाहिला.

"काय गं? मला काय झालंय?" शैला म्हणाली.

"काही नाही, आई." तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. शैलाला वाटलं, पोर दमलीय.

जपानला परतल्यावर रेवाने सगळं जाहीर केलं. आई आहे, मी खोटं चालू दिलं, असं म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. तिचे कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. शैला म्हणते, हल्ली गाण्यांना पूर्वीसारखी मागणी नसेल.

ओनोसाहेब पुन्हा केबिनमध्ये आले. म्हणाले, "मुलीसाठी तुम्हाला एवढं खोटं वागावं लागलं. फार सोसलंत."

मी "हो" म्हणालो.

रेवाचा फोन अजून येतो, रविवारी. मी उचलला तर म्हणते, "आईला द्या." मी देतो.