राखाडी पोपट घेण्याआधी

जानेवारीतला तिसरा शनिवार, सकाळचे अकरा. मागितलेली रक्कम सहाशे डॉलर, पिंजऱ्यासकट. हजर: विकणारं जोडपं, मी, माझा नवरा, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि माझे वडील. पोपटही होता, पण तो सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता.

ते जोडपं आमच्याच गावात, वेस्ट विंडसरमध्ये, घरापासून दोन मैलांवर राहतं. मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी टाकलं होतं: आफ्रिकन ग्रे पोपट, वय अकरा, निरोगी, शांत, मराठी बोलतो, चांगलं घर हवं. दुकानात या जातीच्या पिल्लाला दोन हजारांच्या वर सांगतात. तसा पिंजराच नवा घेतला तर चारशेला पडतो. म्हणजे पोपटाचे उरले दोनशे. मी एका बांधकाम कंपनीत हिशेब तपासते. इतकी स्वस्त वस्तू दिसली की मी आधी तिची मागची बाजू बघते.

पण प्रश्न नुसत्या पोपटाचा नव्हता. आई गेल्यावर बाबा नागपूरचा फ्लॅट विकून ऑगस्टमध्ये आमच्याकडे कायमचे राहायला आले होते. आम्ही तिघं सकाळी साडेसातला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सहाला घरी. डिसेंबरमध्ये एकदा जेवताना ते म्हणाले, "मी परत जातो. तिकडे एखादी खोली घेईन भाड्याने. इथे दिवसभर कोणी 'काय हो' म्हणायला नाही." मार्चच्या तिकिटांची त्यांनी चौकशीही केली. वय चौऱ्याहत्तर, हृदयात दोन स्टेंट, आणि भाड्याच्या खोलीत एकटे. मला ते मान्य नव्हतं, पण थांबा म्हणायला माझ्याकडे कारणही नव्हतं. मग ही जाहिरात आली आणि ती त्यांनीच मला दाखवली.

पोपट बघून आधी ते म्हणाले, "हा तर राख फासून बसलाय." मग खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली आणि तासभर उठले नाहीत.

मी चौकशी सुरू केली.

"चावतो का?"

"छे!" ते गृहस्थ म्हणाले.

"ओरडतो?"

"अजिबात नाही."

"मग देताय कशाला?"

"आमचं फिरणं वाढलंय हो आता."

माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर येत होतं. मी खरेदीची पावती मागितली, कारण पोपटाच्या पायातल्या कडीवर नंबर असतो आणि तो पावतीशी जुळायला हवा. गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. "शोधावी लागेल." बरं, मधल्या वारी संध्याकाळी पुन्हा येऊ का? "नको, शनिवारी अकरालाच या. तेच बरं पडतं."

गाडीत नवरा म्हणाला, "तू पोपट घेतेयस की सेकंडहँड कार?"

"कार पंधरा वर्षांत मोडीत जाते. हा अजून चाळीस वर्षं जगेल."

"मम्मा, ही'ज सो क्यूट. व्हाय आर यू लाइक धिस?" मुलगी म्हणाली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला तेच जास्त लागलं.

इथे कोणी कोणाकडे न कळवता जात नाही. आधी मेसेज, त्याला उत्तर, मग वेळ ठरते. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एक सवलत असते. तिळाच्या वड्यांचा डबा हातात असला की कुठल्याही मराठी दारात अवचित उभं राहता येतं. मंगळवारी मी ऑफिसमधून लवकर निघाले आणि चारला दहा कमी असताना त्यांची बेल वाजवली. गोड बोलायच्या सणाचा असा उपयोग करताना थोडी लाज वाटली. फार नाही.

बाई एकट्याच होत्या. त्यांचा चेहरा पडला, पण डबा बघून त्यांना "या ना" म्हणावंच लागलं. त्या कुंकवाची कोयरी आणायला गेल्या तेवढ्यात मी स्वयंपाकघर न्याहाळलं. लोखंडी तवा, स्टीलच्या कढया. नॉनस्टिकचं एकही भांडं नाही. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेने पक्षी मरतात, हे मी वाचलं होतं. ज्यांना पोपट नकोसा झालाय ती माणसं तवे बदलत नाहीत. माझा हिशेब तिथे पहिल्यांदा चुकायला लागला.

चार वाजले आणि आतून किंकाळी आली. फायर अलार्मच वाजला असं मला वाटलं. पाठोपाठ, अगदी त्या बाईंच्या आवाजात: "आलीस का? हात धू आधी!" पुन्हा किंकाळी. पुन्हा "आलीस का?"

मी न विचारता आत गेले. आज पोपट माझ्याकडे तोंड करून होता. गळ्यापासून पोटापर्यंत एक पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी गुलाबी कातडी.

"स्वतःच उपटतो," बाई मागून म्हणाल्या. "मुलगी कॉलेजला गेली तेव्हापासून. चारला तिची स्कूल बस यायची. ख्रिसमसला ती घरी होती तेव्हा एक पीस काढलं नाही त्याने. ती गेली आणि परत सुरू. मी रोज चारला घरी पळत येते, मॅनेजर वैतागलाय. दोन घरी दिला होता, दोघांनी आठवड्यात परत आणला."

"आजार नाही?"

त्यांनी फाइल काढली. तीन वेळा डॉक्टरांना दाखवल्याचे कागद होते आणि सगळीकडे तब्येत ठीक. पावतीही त्यातच होती. कडीचा नंबर जुळला. पण खरेदीदार म्हणून नाव मुलीचं होतं, तेव्हा आठ वर्षांच्या असलेल्या तिच्याच गिरवलेल्या अक्षरात.

"तिला सांगितलंय ना तुम्ही?"

बाई फाइल बंद करायला लागल्या. "सेमिस्टर नुकतं सुरू झालंय. म्हटलं, नंतर सांगू."

"म्हणजे पोपट तुमचा नाही, आणि जिचा आहे तिला पत्ता नाही."

"तुम्ही फार स्पष्ट बोलता हो."

"तिला सांगा. मग बोलू."

रविवारी आम्ही सगळे पुन्हा त्यांच्याकडे जमलो आणि त्यांची मुलगी व्हिडिओ कॉलवर आली. डोळे सुजलेले, हातात प्रश्नांचा कागद. आईवडिलांकडे तिने बघितलंही नाही.

"तुमच्या घरी चार वाजता कोण असतं?"

"मी," बाबा म्हणाले.

"रोज?"

"रोज. मला जायला जागा कुठे आहे बेटा?"

"बट आजोबा, यू आर गोइंग बॅक इन मार्च," आमची मुलगी म्हणाली. खोटं तिलाही सहन होत नाही, हा दोष माझा.

"देन नो," पडद्यावरची मुलगी म्हणाली आणि कागद खाली ठेवला.

मी बाबांकडे बघायचं टाळलं. बाबा पोपटाकडे बघत होते.

"तिकीट काढलेलं नाही," ते म्हणाले.

"काढणार आहात?" पडद्यावरच्या मुलीने विचारलं.

बाबांनी खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली. "नाही."

आमच्यासाठी सहा महिन्यांत जे उत्तर निघालं नव्हतं, ते एका उघड्या छातीच्या पोपटासाठी निघालं. मला ते बोचलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"आणि तुमच्यानंतर, आजोबा?" पडद्यावरून तिने विचारलं. हाच प्रश्न आठवडाभर माझ्या मनात होता आणि मला तो विचारता आला नव्हता. बाबांनी अंगठ्याने माझ्याकडे दाखवलं.

"काकू, प्रॉमिस?"

मी शेचाळीस वर्षांची आहे. आणखी चाळीस म्हणजे शहाऐंशी. "वीस वर्षांचा शब्द देते," मी म्हटलं. "पुढची सोय लिहून ठेवीन."

तिने ते कागदावर लिहून घेतलं.

"मग चारशे द्या आणि घेऊन जा," तिचे वडील घाईने म्हणाले.

"नाही, बाबा. किंमत तुम्ही नाही सांगायची." ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "नऊशे. स्वस्तात दिला म्हणून लोकांनी परत आणला."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी घासाघीस केली नाही. त्या सगळ्या व्यवहारात मला पटलेला हा पहिलाच आकडा होता.

त्याच संध्याकाळी नऊशे डॉलर त्या मुलीच्या खात्यात जमा झाले. ते बाबांनी दिले, फ्लॅटच्या पैशांतून; माझा एक डॉलरही त्यांनी त्यात घालू दिला नाही. तिच्या आईवडिलांना काही दिलं नाही.