चौकच्या ढाब्यासाठी तीन नवे अल्बम

कुठला नवा अल्बम ऐकावा, हे मी लोकांना न विचारताच सांगत असतो. त्यामुळे हायवेवरच्या चौक गावाला ढाबा चालवणाऱ्या माझ्या मावसभावानं आपणहून विचारलं, तेव्हा मी हरखलोच. त्याच्या समोर नवा ढाबा झाला होता आणि गिऱ्हाईक तिकडं वळत होतं.

"तिकडं दिवसभर दणदण वाजतंय. तू पण काय तरी नवीन दे ना रं."

मी याच वर्षीचे तीन अल्बम त्याच्या फोनवर उतरवून दिले. सकाळी संथ सतार, दुपारी जॅझ, संध्याकाळी मराठी रॅप, असा क्रमही लावून दिला.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर सतार चालू होती आणि टेंपोवाले खाटांवर घोरत होते.

"बाकीचे दोन?"

"जॅझ लावला तर लोक बोलले, स्पीकर बिघडलाय. माणूस ताटावर बसला का रॅपवाला शिव्या देतो. ही सतार तेवढी ठेवली."

"पण हे तर झोपलेत!"

"झोपू दे की. समोर दणदणाटात डोळा लागत नाय, म्हणून इकडं येतात. उठले का भूक लागते, मग जेवूनच जातात. तुझी निवड भारी हाय रं!"

ढाबा वाचला. त्या अल्बमचा शेवटचा भाग सर्वांत सुंदर आहे, हे मी आजही सगळ्यांना सांगतो. चौकला मात्र तो अजून कुणी जागेपणी ऐकलेला नाही.