बेचाळीस शुभेच्छुक आणि एक अर्ज

शिरवण्याच्या संध्या मढवीने नऊ वर्षे एकच काम निष्ठेने केले: संकेतस्थळांवरची चित्रे हलकी करणे. रबाळ्यातल्या एका लहान कंपनीत बसून ती चित्राची रुंदी घटवी, फाइलचा प्रकार बदली आणि डोळ्याला उणीव जाणवणार नाही एवढाच तपशील गाळी. ज्यांचा मोबाइल स्वस्त आहे त्यांच्यापुढेही पान चटकन उघडले पाहिजे, हा तिचा साधा नीतिनियम.

तळवलीच्या धर्मराजशेठच्या ट्रस्टचे डायलिसिस केंद्र होते; त्याचे संकेतस्थळ संध्याच्याच कंपनीकडे होते. रुग्णांनी सोमवारी सकाळी सातला मोबाइलवर अर्ज भरून आठवड्याच्या पाळ्या घ्यायच्या. संध्याची मावशी भागीरथी त्यांपैकीच एक. सलग दोन आठवडे पाळी हुकल्याने सुजलेल्या पायांनी तिला ठाण्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागल्या.

कारण लाजिरवाणे होते. अर्जाच्या पानाच्या माथ्यावर शेठच्या वाढदिवसाचा फलक: मध्ये सोनसाखळ्यांसह शेठ, खाली रांगांनी बेचाळीस शुभेच्छुक. नाक्यावरच्या चाळीस फुटी फ्लेक्ससाठी छापखान्याला दिलेली अडतीस एमबीची फाइलच पुतण्या विपुलने पानावर चढवली होती. ती पूर्ण उतरेपर्यंत अर्ज उमटत नसे आणि तोवर पाळ्या संपत.

संध्याने फलक नव्वद केबीवर आणला. दुसऱ्याच दिवशी विपुल कंपनीत येऊन दोन बोटांनी चित्र ताणत बसला.

“मॅडम, तिसऱ्या रांगेत मी हाय. मिशी कुठाय माझी?”

“मोबाइलवर तुमचं तोंड तांदळाएवढं दिसतं, विपुलशेठ. मिशी मावायची कुठे?”

“पोरं इज्जत काढतात आमची! ओरिजिनल टाका.”

कंपनीचा मालक आशुतोष परदेशात शिकलेला, पानांच्या वेगावर परिषदांतून व्याख्याने देणारा. “क्लायंट बोलतोय ना, संध्या. टाकून दे, टेन्शन नको,” एवढेच तो म्हणाला. विपुलला कळत नव्हते. आशुतोषला सारे कळत होते, म्हणून तोच अधिक क्षुद्र.

संध्याने मूळ फाइल चढवली. मात्र पानाची रचना अशी बदलली, की अर्ज आधी उमटावा आणि फलक सर्वांत शेवटी उतरावा. शेठनी कार्यालयातल्या वायफायवर पान उघडले, स्वतःचा चेहरा न्याहाळला, शुभेच्छुकांच्या मिशा एकेक करून तपासल्या आणि मान डोलावली. खालच्या अर्जाकडे त्यांची नजर गेलीच नाही. आजाऱ्यांच्या नावाने ट्रस्ट चालवणाऱ्या या गृहस्थांना तो कधी भरावा लागला नव्हता.

पुढच्या सोमवारी सातला मावशी मोबाइल घेऊन संध्याशेजारी बसली.

“संध्ये, वर ह्यो पांढरा चौकोन कसला हाय गं?”

“तिथे शेठ यायचेत, मावशी.”

“कवा?”

“त्यांची वाट नको बघूस. तू नाव टाक.”

मावशीने एकेक अक्षर दाबत नाव टाकले. तिला मंगळवारची पाळी मिळाली.