डाव्या हाताच्या गाडीतली उजवी सीट

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मी एवढी का घाबरते ते कळेल. आमची गाडी डाव्या हाताची आहे. अमेरिकेत बनलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी, आणि स्टेअरिंग डावीकडं. तिकडं ते बरोबर असेल, तिकडची माणसं रस्त्याच्या उजवीकडनं जातात. आपल्याकडं अशी गाडी चालवणारा पार गटारीच्या बाजूला बसतो. पुढं ट्रक नाहीतर ट्रॅक्टर आला, की पलीकडून काय येतंय ते त्याला काहीच दिसत नाही. दिसतं ते उजव्या सीटवरच्या माणसाला. त्याच्या हातात स्टेअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. त्यानं नुसतं बघायचं आणि सांगायचं. आणि सांगण्यात चूक झाली, की खेळ खलास.

ती सीट शिवली मीच. पुढं सोफ्यासारखं एकच लांब बाक आहे, त्याला मरून रेक्झिनचं कव्हर घातलं, पांढऱ्या पायपिंगची कड दिली. शिवाजी पेठेत माझं शिलाईचं काम आहे, ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं मोटारीची गादी शिवली म्हणून गल्लीत कौतुकही झालं. त्यावर जीव मुठीत धरून मलाच बसावं लागणार हे तेव्हा डोक्यात सुद्धा आलं नव्हतं.

गाडी आणली निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या गोदामातनं. आत कोंबड्या बसत होत्या. मी म्हटलं, "हे काय भंगार आणलंसा?" आमचे हे म्हणाले, "भंगार न्हवं गं, जरा नीट बघ की." ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. त्यांच्यासारखेच चार वेडे गोळा झाले, आणि आमचे सगळे रविवार त्या गाडीखाली गेले. पार्ट मिळायचा प्रश्नच नव्हता. मग एका मित्राच्या फौंड्रीत ओतायचा, ह्यांच्या लेथवर घासायचा, बसवायचा, बसला नाही की एकमेकांच्या नावानं शंख करायचा. माहेरच्या माणसांना केला नसेल एवढा चहा मी त्या मंडळींना केला. पण खोटं का बोलू, गाडी पहिल्यांदा आमच्या गल्लीतनं फिरली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

उजव्या सीटवर कायम तो फौंड्रीवाला मित्र बसायचा. आवाज असा, की खिडक्या हलतील. रस्ता मोकळा दिसला की ओरडायचा, "जाऊ दे!" की ह्यांनी गाडी काढलीच. नंतर त्याचीही स्वतःची जुनी गाडी तयार झाली, उजव्या हाताची. तो आपल्या बायकोला घेऊन तीत बसला, आणि आमची उजवी सीट रिकामी झाली. तेव्हा ह्या उसाच्या दिवसांत सगळ्यांनी नृसिंहवाडीला जायचं ठरवलं. दत्ताचं दर्शन, जेवण, आणि संध्याकाळच्या आत परत. हे म्हणाले, "तू बस की. बघायचं आणि बोलायचं. तुला बोलायला काय कमी हाय व्हय?"

गाडीत बांधायला पट्टा नाही. डॅशबोर्ड पत्र्याचा. धरायला काही म्हणून नाही. हायवे होता तोवर ठीक होतं. जयसिंगपूर सोडलं आणि रस्ता निमुळता झाला. आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडं लोंबतोय, गाणी मोठ्यानं लावलेली. मी खिडकीतनं मान काढून बघितलं. लांबून एसटी येत होती, चांगली जोरात. मी म्हटलं, "जाऊ द्या."

मला म्हणायचं होतं, एसटीला जाऊ द्या. मग आपण जाऊ.

ह्यांनी गियर टाकला आणि गाडी बाहेर काढली.

लालभडक एसटी, तिची काच, काचेमागं ड्रायव्हरचं उघडं तोंड, सगळं माझ्याच दिशेनं. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. हे म्हणतात, ओरडलीस, "आई गं" म्हणून. ह्यांनी ब्रेकवर दोन्ही पाय दिले असावेत. ती जडशीळ गाडी मागून हलली, डावीकडं ओढली गेली आणि ट्रॉलीच्या मागं घुसली. ऊस काचेवर खसाखसा घासला. एसटी माझ्या कोपराजवळनं गेली. तिच्या इंजिनाची गरम हवा माझ्या गालाला लागली. एसटीच्या ड्रायव्हरनं घातलेली शिवी मला अख्खी ऐकू आली, आणि ती आम्हाला शोभत होती.

ह्यांनी गाडी कडेला घेतली. साडीचा पदर मी दातात धरला होता, तो सोडता येईना.

"तूच म्हणलीस की, जाऊ द्या म्हून!" हे म्हणाले. त्यांचा आवाज पण फाटला होता.

"एसटीला म्हणलं मी! एसटीला जाऊ द्या!"

"मला काय ठावं? त्यो जाऊ दे म्हणायचा तवा मी जायचो की!"

तिथनं वाडीपर्यंत आम्ही एकही वाहन ओलांडलं नाही. बैलगाडीच्या मागनं सुद्धा तसेच गेलो. देवळात मी हात जोडले, पण देवाला काय मागायचं ते सुचेना. डोळे मिटले की ती काच दिसत होती. जेवायला बसलो, पानात बासुंदी होती, ती तशीच राहिली. फौंड्रीवाल्याच्या बायकोनं विचारलं, तेव्हा मला रडूच फुटलं. मी सांगितलं सगळं. म्हटलं, "मी तुमच्या गाडीतनं येते. त्या सीटवर मी परत बसणार न्हाई. मेले तरी न्हाई."

"ये की," ती म्हणाली. "पण भावजींच्या शेजारी कोण?"

हे पलीकडनं म्हणाले, "जाऊ दे तिला. मी येतो एकटा. सावकाश येतो."

सावकाश म्हणे! ह्या माणसाला मी ओळखते. पुढं ट्रॉली आली, की मैलभर दम काढेल, मग अंदाजानं गाडी बाहेर काढेल. मी दुसऱ्या गाडीत बसून पुढं गेले, आणि मागं काही झालं, तर? फोन येईल तेव्हा मी कुठं असेन? हातकणंगल्याला चहा पीत? त्या सीटवर बसायची भीती एकीकडं, आणि ती सीट रिकामी ठेवायची दुसरीकडं. दुसरी मोठी निघाली. फौंड्रीवाल्याची बायको म्हणाली, "मी बसते भावजींजवळ, तू आमच्यात ये." तर हे नाहीच म्हणाले.

मी ह्यांना नदीच्या घाटावर बाजूला घेतलं. म्हटलं, "मला एक सांगा. गाडी बाहेर काढल्यावर तुम्हाला बी दिसायला पायजे होतं की. नाक भाईर आलं की एसटी दिसणारच. थांबला का न्हाई?"

हे पाण्याकडं बघत म्हणाले, "बघितलंच न्हाई मी."

"म्हंजे?"

"फौंड्रीवाला सांगायचा तवा मी नाक काढायचो आन एकदा बघायचो. त्यो म्हंजे असा तसाच हाय, त्याचा भरवसा न्हाई. तू म्हणल्यावर कशाला बघू?"

हा माणूस घरात माझं एक ऐकत नाही. बीपीची गोळी घ्या म्हटलं तर उद्यापासून. छत गळतंय म्हटलं तर बघू. आणि इथं माझ्या एका शब्दावर डोळे झाकून एसटीच्या तोंडात! मला राग यायला हवा होता. आला नाही. एसटी बघून वाटली नव्हती एवढी भीती मला ते ऐकून वाटली.

"इथनं पुढं बघायचं," मी दरडावून म्हटलं. "मी काय बी म्हणू दे, तुम्ही बघायचं. आन जाऊ द्या हा शब्द गाडीत काढायचा न्हाई. जायचं असलं की मी व्हय म्हणीन. व्हय न्हाई ऐकलं तर हलायचं न्हाई."

"बरं बाई," हे म्हणाले. "बघीन."

निघालो. शिरोळच्या अलीकडं पुन्हा ट्रॅक्टर आडवा आला, पुन्हा दोन ट्रॉल्या. रस्ता सरळ, दोन्हीकडं ऊस. मी मान बाहेर काढली. काही नव्हतं. परत बघितलं. काही नव्हतं. तरी तोंडातनं शब्द निघेना. उसातनं एखादी मोटरसायकल आली तर? मला दिसतंय ते बरोबरच आहे कशावरून? मागचे हॉर्न मारायला लागले. एकजण आम्हाला ओलांडून गेला, जाताना "ओ पावणं, म्हातारीला झोपू द्या घरात" म्हणून ओरडला. गाडीला म्हणाला की मला, देव जाणे. ह्यांना घाई नाही, चिडचिड नाही. ट्रॉलीच्या धुळीत तसेच चालवत राहिले.

मी तिसऱ्यांदा बघितलं. रस्ता पार पुलापर्यंत मोकळा होता. पदर घट्ट धरला आणि म्हटलं, "व्हय."

गाडी त्याच क्षणी बाहेर आली. मी झटकन ह्यांच्याकडं वळले, कबूल केल्याप्रमाणं बघतायत का ते बघायला. हे खाली मान घालून गियरची दांडी ओढत होते.

"अवो, समोर बघा की!" मी किंचाळले.

"तू बघतीयास की," हे म्हणाले.