बहादरपुरात मेंढ्यांच्या मागे

रावेर मागे पडलं, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा गाडीवर झुकू लागल्या आणि मागच्या सीटवरून मुनीमने माझ्या कानाशी एक दीर्घ सुस्कारा सोडला. मुनीम म्हणजे माझा कुत्रा. जात मेंढ्या वळणाऱ्यांची, जन्म नाशिकच्या सोसायटीतला. मेंढ्या न मिळाल्यामुळे तो सोसायटीतल्या आजोबांना वळून एका कोपऱ्यात गोळा करत असे. आजोबांनी तक्रार केली, म्हणून आम्ही कुत्र्यांना मेंढ्या वळायला शिकवणाऱ्या एका वर्गासाठी बुऱ्हाणपूरला निघालो होतो.

मला प्रवासात सगळ्यांचा संशय येतो आणि त्यात मोठी मजा येते. बुऱ्हाणपुरात उतरल्या उतरल्या दराबा (रवा, साखर आणि तूप पांढरं होईस्तोवर फेसून केलेली मिठाई) समोर आला. इतकी हलकी वस्तू प्रामाणिक कशी असेल, म्हणून खात्री करायला मी दुसरी वाटी मागवली. खात्री तिसऱ्या वाटीपर्यंत झाली नाही.

वर्ग शहराजवळच्या बहादरपुरात, केळी काढून झालेल्या एका शेतात होता. चालवणारे किशोरभाऊ. त्यांचे वडील महाराष्ट्रातून इकडे कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. किशोरभाऊ ऑस्ट्रेलियात मुलाकडे राहायला गेले, तेव्हा शेजारच्या कुरणावर ही विद्या शिकले. परत येऊन त्यांनी मेंढ्या पाळल्या.

कुत्र्यांआधी त्यांनी आम्हालाच शिस्त लावली. आपली पाळी येईपर्यंत कुत्रा दोरीला. दुसऱ्याचा कुत्रा कामावर असताना शीळ घालायची नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. आणि रोज मेंढ्या सोडण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत शेत चालायचं. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, केळी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, सगळं वेचायचं.

"आणि ज्याचा कुत्रा मेंढीचं रक्त काढेल," ते शांतपणे म्हणाले, "त्याचा वर्ग खतम."

आम्ही शिकाऊ तिघे. मी, इंदूरचे एक गॉगलवाले साहेब आणि दापोऱ्याच्या मंगलाताई. साहेबांच्या कुत्र्याची वंशावळ साहेबांच्या स्वतःच्या वंशावळीपेक्षा लांब होती. मंगलाताईंचा लाल्या गावठी, एक कान उभा, एक आडवा. ताईंच्या घरी केळी आणि कपाशी. त्यांना मेंढ्या घ्यायच्या होत्या, पण सासऱ्यांनी अट घातली होती की आधी कुत्रा शिकू दे, नाहीतर मेंढ्यांचं नाव काढायचं नाही.

पहिला दिवस बरा गेला. मुनीमने मेंढ्या सोडून किशोरभाऊंनाच वळून कुंपणाशी उभं केलं, एवढं सोडलं तर. मात्र संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली होती की साहेबांचा कुत्रा मेंढ्यांकडे नीट बघत नाही. साहेब मला बाजूला घेऊन कुजबुजले की गावठी कुत्र्याचा भरवसा नसतो. आणि मंगलाताई आम्हा दोघांकडे अशा बघत होत्या, जणू त्यांच्या पिशवीतली भाकरी आम्हीच पळवली असावी.

दुसऱ्या सकाळी आम्ही शेत चाललो. म्हणजे पाय चालले. माझे डोळे साहेबांवर, साहेबांचे लाल्यावर, ताईंचे आमच्यावर.

लाल्याची पाळी आली. काय सुंदर काम केलं त्यानं! पोट जमिनीला लावून, वळसा घेत, कळप एका मुठीत आणला. आणि एवढ्यात कडेची एक मेंढी धाडकन कोसळली. धडपडत उठली, तेव्हा मागच्या पायाला रक्त होतं आणि लाल्या तिच्यापासून हातभरावर उभा होता.

"मी म्हणालोच होतो," साहेब म्हणाले. मी मान डोलावली. सांगायला लाज वाटते, पण जरा खुशीतच डोलावली. संशय कुणाचा का असेना, तो खरा ठरला की बरं वाटतंच.

मंगलाताईंनी लाल्याला जवळ बसवलं. "भाऊ, त्यानं दात नाही लावला. मी बघत होती ना."

"पहले मेंढी," किशोरभाऊ म्हणाले, "पंचायत नंतर."

त्यांनी मेंढीला अलगद ढुंगणावर बसवलं आणि मला तिला मागून धरायला सांगितलं. वर्गाचा रिवाजच तसा होता, कामावरच्या कुत्र्याच्या मालकाने जखमी जनावराला हात लावायचा नाही, इतरांनी लावायचा. मी तिला पोटाशी धरलं. खुराच्या वर, लोकरीत रुतून बसलेली हिरवी पट्टी दिसली. केळी बांधायची. तिचं तुटलेलं दुसरं टोक शेतातल्या एका खुंटाला अजून लोंबत होतं. दाताची खूण कुठेच नव्हती.

किशोरभाऊंनी पट्टी कापली, जखमेला हळद दाबली आणि विचारलं, की सकाळी त्या खुंटाजवळून कोण चाललं होतं. आम्ही तिघेही चाललो होतो. तिघांपैकी एकानेही जमीन पाहिली नव्हती.

"कुत्ते आज छुट्टी पे," ते म्हणाले. "तुम्ही चाला."

भर उन्हात आम्ही खाली मान घालून सबंध शेत परत चाललो. तिन्ही कुत्रे निंबाखाली बांधलेले होते आणि आमच्या प्रत्येक पावलाकडे अत्यंत संशयाने बघत होते. मधे एकदा ताईंनी माझ्या मागून वाकून एक नळी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काका, ही तुमच्या वाट्याची." साहेबांनी गॉगल काढून खिशात ठेवला.

परतताना मी गाडीत दराब्याचा डबा ठेवला होता. नाशिक आलं तेव्हा तो रिकामा होता. मुनीमकडे पाहिलं, त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पूर्वी मी खटला भरला असता. या वेळी आधी सीटखाली पाहिलं. झाकण माझ्याच बाजूला पडलं होतं आणि सदऱ्यावर रवा होता.

परवा मंगलाताईंचा फोन आला. मेंढ्या घरी आल्या. लाल्याने पहिल्याच दिवशी त्या नीट वळवल्या. मी विचारलं, सासरे काय म्हणाले?

"काय म्हणतील," त्या म्हणाल्या, "त्यांची तर कंबर धरली. मेंढ्या सोडायच्या आधी पूरा शेत चालवला मी त्यांना."