बर्फाच्या मशीनचा चौथरा

ती केस आठवली की आजही घास कडू लागतो. तेव्हा मी डोंबिवलीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. खाडीकाठच्या कोळीवाड्यात सरकारने बर्फाचा कारखाना बांधला होता. हेतू चांगला होता: मासळी टिकली की कोळणींना पडेल भावाने विकावी लागणार नाही. इमारत उभी राहिली, वीज आली, पाटीसुद्धा लागली. आणि दिवाळीच्या तोंडावर ठेकेदाराची फिर्याद आली. गणपतीआधी बसवलेलं मशीन आदल्या रात्री चोरीला गेलं म्हणे!

खबऱ्याने शीळफाट्याच्या भंगारवाल्याचं नाव दिलं. झडतीत काही मिळालं नाही. मग उरला कारखान्याचा म्हातारा रखवालदार. मोहन्याच्या एका कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस.

"किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडंच. पन सायेब, मशीन मी बघितलंच नाय."

"मला शिकवतोस?" म्हणत मी त्याला एक ठेवून दिली. लिहिताना लाज वाटते. त्याला अटक करून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको मासळीची पाटी घेऊनच ठाण्यात आली. "सायेब, खंडेनवमीला या मानसानं झाडूला पन फूल वायलं. मशीन असतं तं त्याला सोडलं असतं काय?"

मी फायलीतला पंचनामा काढून वाचला. मीच सांगितलेला मजकूर: कुलूप, झाडू, मीटरची पेटी यांवर हळदकुंकू, सुकलेला झेंडू. मशीनच्या चौथऱ्यावर काही नाही. डोळे होते, पण अक्कल गहाण होती माझी! पुन्हा जाऊन पाहिलं तर चौथऱ्याच्या बोल्टांना पाना लागल्याची खूणही नव्हती.

ठेकेदाराचा सुपरवायझर तासाभरात फुटला. "मशीन आलंच नाही, साहेब. बिल आधीच पास झालेलं. तपासणी येणार कळल्यावर चोरी दाखवली."

रखवालदार सुटला, दोषारोपपत्र गेलं, इमारतीला सील लागलं. मशीन मात्र आलं नाही.

सरकारने खर्च केला की विकास होतो, असं मोठमोठी माणसं सांगतात. होतही असेल. मी एवढंच शिकलो की बिल पास झालं म्हणजे बर्फ झाला असं नाही, आणि खोटं उघडं पडेपर्यंत मार गरिबालाच बसतो.

निवृत्तीनंतर एकदा भर दुपारी खोपटला रखवालदाराची बायको मासळी विकताना दिसली. नवऱ्याचं विचारलं.

"गेला. गावानं चोर म्हनूनच पोचवला."

पाटीतली सगळी कोळंबी मागितली.

तिने वरचं फडकं ओढून घेतलं. "नको सायेब. उन्हानं खराब झाली. तुमाला नाय देनार."